एक किलोवॅट की तीन

होळीत थंडी जळते म्हणतात. हल्ली पुण्यातली थंडी तेवढीही वाट बघत नाही, आपली आपण निघून जाते. यंदा मार्च उजाडला तोच कर्वेनगरच्या आमच्या गल्लीतली कुत्री दुपारी रस्ता सोडून गाड्यांखाली शिरू लागली. सकाळी गच्चीचा जिना चढताना कठड्याला हात लावला तर तो तापलेला. वर पॅनेलं आभाळाकडे तोंड करून ऊन खात बसलेली. मी बादलीभर पाणी आणि लांब दांड्याचा पुसणा घेऊन त्यांच्यावरची धूळ काढते. धूळ राहिली की वीज कमी होते असं सांगितलेलं आहे. ती कमी झाली तर माझं काय बिघडणार आहे हे मला माहीत नाही, पण पुसते.

गल्लीतून जाणारे वर बघतात आणि मला विचारतात, "काय हो बाई, परवडलं का?" आमच्या गावात माणूस आधी तब्येत विचारत नाही, आधी केवढ्याला पडलं ते विचारतो. मी सांगते, शून्य बिल येतं. ते खोटं नाही. मग ते मान हलवतात, "वा, म्हणजे फायद्यात आहात," असं म्हणतात आणि भाजीची पिशवी सावरत पुढे जातात. त्यांचा राग यायचं काही कारण नाही. पण 'परवडणं' हा शब्द मला गेल्या उन्हाळ्यापासून सोसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात हे घरात होते. हे म्हणजे माझा नवरा. सगळा जन्म 'अहो' आणि 'हे' म्हणण्यात गेला, आता नाव लिहायला हात वळत नाही. भोसरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंग खात्यात ते निवृत्तीपर्यंत होते. एक बोल्ट कारखान्याला कितीला पडतो, त्यात लोखंड किती, वीज किती, माणसाचा घाम किती, हे काढायचं त्यांचं काम. मला बघायला आले तेव्हा मनात माझीही कॉस्ट शीट मांडली असणार, असं मी त्यांना चिडवत असे. ते म्हणायचे, "मांडली होती. ओव्हरहेड फार होते, पण घेतलं."

त्यांची फुप्फुसं कडक होत चालली होती. भांडी घासायचा स्पंज उन्हात राहिला की कसा खडखडीत होतो, तसं काहीसं आत होतं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषध होतं, पण ते वेग कमी करणारं, दिशा बदलणारं नव्हतं. ऐन थंडीत हवेतला ऑक्सिजन ओढून घेणारं मशीन घरात आलं. भाड्याचं. पलंगाशेजारी उभं राहून ते दिवसरात्र घरघरत असे, आणि मधूनच मोठा सुस्कारा टाकल्यासारखं फुस्स करत असे. त्याची पातळ नळी घरभर ह्यांच्या मागे फिरायची. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पुरायची, पुढे गॅलरीपर्यंत, आणि गच्चीच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत. त्याच्यापुढे ह्यांचं घर संपायचं.

पहिलं मोठं बिल आलं तेव्हा चष्मा कपाळावर ढकलून, बिल डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी ते वाचलं. "आतापर्यंत श्वास फुकट होता," ते म्हणाले. "आता त्याचंही रीडिंग घेतायत." मी हसले नाही. ते मात्र धाप लागेपर्यंत हसले.

सोलरचं खूळ त्यांच्याच डोक्यातून निघालं. मला ते पटलं ते वेगळ्याच कारणासाठी. पुण्यात गुरुवारी लाईट जाते, दुरुस्तीसाठी म्हणून, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. इतकी वर्षं गुरुवार म्हणजे मिक्सर आधी फिरवून घ्यायचा, एवढंच होतं. मशीन आल्यापासून बुधवारीच मी इन्व्हर्टरचं पाणी बघून ठेवत असे. इन्व्हर्टर थोडा वेळ खेचायचा, मग कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायचा, आणि त्याच्या काट्याकडे बघत बसायचं. सोलर आलं की गुरुवार गेला, असं मी धरून चालले होते. डोक्यावर एवढं ऊन असताना मशीन बंद कसं पडेल?

तीन कोटेशनं घेतल्याशिवाय आमच्या घरात पाण्याचा माठसुद्धा येत नसे. तिसरे आले ते जगताप. चाळिशी उलटलेले, घामाघूम, बोलायला सरळ. मी कोकमाचं सरबत दिलं. त्यांनी वर्षभराची बिलं मागितली आणि मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये आकडे भरू लागले. मध्येच थांबले.

"साहेब, ही दोन वेगळ्या घरांची बिलं वाटतायत. डिसेंबरपर्यंत वापर अगदीच कमी, आणि नंतर एकदम वर. मी कुठला धरू?"

आतल्या खोलीतून मशीन घरघरत होतं. नळी ह्यांच्या कानामागून सदऱ्यावर आली होती.

"ते मशीन तात्पुरतं असेल ना?" जगतापांनी विचारलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "परत देणार असाल तर एवढी मोठी सिस्टिम बसवून उपयोग नाही. पैसे अडकून पडतील. राहणार असेल तर मग तीन किलोवॅट लागेल, आणि मग मस्त परवडेल. म्हणून विचारतो, किती दिवस राहील साधारण?"

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नव्हता. मुलीनं विचारला नव्हता. कुणी विचारू नये म्हणून मी पाहुण्यांना दारातूनच परत पाठवत होते. तो शेवटी सोलरवाल्यानं विचारला, आणि त्याला तो विचारणं भागच होतं, कारण त्याशिवाय त्याचं गणित पुढे सरकत नव्हतं.

"ते परत जायचंच आहे," हे शांतपणे म्हणाले. "तुम्ही डिसेंबरच्या आधीचा वापर धरा."

मी विषय बदलावा म्हणून माझा गुरुवारचा प्रश्न काढला. जगताप ओशाळले. म्हणाले, "नाही हो मॅडम, तो सगळ्यांचाच गैरसमज असतो. लाईट गेली की हे पण बंद होतं. खांबावर माणूस काम करत असतो, आपली वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. बॅटरीवाली सिस्टिम घेतली तर चालतं, पण मग ते परवडत नाही."

म्हणजे भर उन्हात, पॅनेलांवर अंडं तळून निघेल अशा दुपारी, मला सिलिंडरचा काटाच बघत बसायचं होतं. खांबावरच्या माणसाचा जीव महत्त्वाचा, हे मला मान्य आहे. शाळेत मी आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं. पण त्या दिवशी मला त्या न पाहिलेल्या माणसाचा राग आला.

जाताना जगतापांनी बिलावर बोट ठेवलं. "हे आपटे कोण?"

आता त्याची गंमत अशी. हे घर आम्ही आपट्यांकडून घेतलं, तेव्हा या भागात अजून शेतं होती. घर नावावर केलं, पाणी नावावर केलं, वीज राहिली. पुढच्या महिन्यात करू, असं म्हणता म्हणता आपटे वारले, त्यांची बायको वारली, त्यांच्या मुलांनी शहर सोडलं, आणि बिल मात्र दर महिन्याला त्यांच्याच नावानं येत राहिलं. आम्ही ते इमानानं भरत राहिलो. हे म्हणायचे, "असू दे. या गल्लीत आपटे म्हणून राहिलं की कुणी आडनाव दोनदा विचारत नाही." ते हसत म्हणायचे. घर शोधायच्या दिवसांत आडनाव ऐकून किती घरमालकांची खोली अचानक 'कालच गेली' होती, ते आम्हा दोघांना आठवत असे, त्यामुळे हसू फार वेळ टिकत नसे.

"सबसिडीला नाव जुळावं लागतं," जगताप म्हणाले. "आधी मीटर तुमच्या नावावर करून घ्या. मग नेट मीटर बसतो, येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा."

"करू," हे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. "इतकी वर्षं आपट्यांनी वीज जाळली. आता थोडी मी जाळतो."

त्या एप्रिलात जयंतीला ते पहिल्यांदाच घरी राहिले. दरवर्षी पांढरा सदरा घालून सकाळीच बाहेर पडायचे आणि ऊन चढल्यावर गुलाल नसलेल्या पण घामानं चिंब कपड्यांनी परत यायचे. गेल्या वर्षी मी त्यांना तोच सदरा घालून दिला आणि गॅलरीत खुर्ची टाकली. लांबून गाणी ऐकू येत होती. संध्याकाळी समोरच्या इमारतीवर निळे दिवे लागले. त्यांनी हात जोडले. थोड्या वेळानं म्हणाले, "एलईडी आहेत. फार खात नाहीत." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मंडईतून कैऱ्या आणायचं काम त्यांचं. चार गाळ्यांवर भाव करून, पाचव्यावर घेणार. त्या वर्षी मी दारावरच्या गाडीवरून घेतल्या आणि भाव सांगताना निम्मा सांगितला. त्यांनी ओळखलं. काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत याचीच मला जास्त धास्ती वाटली.

सोलर एक किलोवॅटचं घ्यायचं, असं त्यांनी जाहीर केलं ते दुपारच्या चहाला. मला विजेतलं कळत नाही, पण माणसातलं कळतं.

"एवढंसं कशाला? जगताप तर तीन म्हणत होते."

"तुला किती लागतं?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "फ्रिज. एक पंखा. संध्याकाळी टीव्ही. थंडीत सकाळचा गिझर. झालं."

"आणि मशीन?"

"मशीन धरलेलं नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. ते खिडकीबाहेर बघत होते. "पॅनेल पंचवीस वर्षं चालतं, शालन," ते म्हणाले. "त्या हिशेबात मशीन बसत नाही."

खरं सांगायचं तर त्यांचा हिशेब बरोबर होता. रात्री बेंगळुरूहून मुलीचा, मंजूचा, फोन आला. तिनंही तिकडे बसून आकडेमोड केली होती. म्हणाली, "आई, वन किलोवॅटचा पेबॅक फार लांब जातो गं, तुमचा ओरिजिनल वापर आधीच स्वस्तातल्या स्लॅबमध्ये आहे. सेव्हिंगच काय होणार? थ्रीचाच सेन्स लागतो, पण तो फक्त जर..." घरातली तीन माणसं तेच गणित तीन ठिकाणी मांडत होती आणि तिघंही त्याच एका ओळीवर येऊन थांबत होती. मशीन चालत राहिलं तर तीन किलोवॅट परवडतं. मशीन थांबलं तर काहीच परवडत नाही, कारण एकट्या बाईचा वापर तो किती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "घ्यायचं तर तीन. नाहीतर नको."

"तोट्यात जाईल."

"जाऊ दे."

"एवढी वीज करशील काय?"

"जाळीन."

आम्ही दोन दिवस एकमेकांशी कामापुरतं बोललो. त्या घरघरत्या खोलीत अबोला धरणंही अवघड होतं, कारण नळी अडकली की मलाच सोडवायला जावं लागे. त्यांना वाटलं, बाई हट्टाला पेटली. तसं नव्हतं. माझ्या मनातला हिशेब वेगळा होता. या माणसानं आयुष्यात घेतलेली वस्तू वसूल केल्याशिवाय कधी टाकली नव्हती. स्कूटर पत्रा गळेपर्यंत चालवली. छत्रीच्या काड्या चार वेळा बदलल्या. रेल्वेचं तिकीट काढलं म्हणून अंगात ताप असताना नागपूरला गेले. तीन किलोवॅट घरावर चढलं, तर ते वसूल होईपर्यंत हा माणूस जागचा हलणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं. शिकलेली बाई, शाळेत मुलांना विज्ञान शिकवलेली. हसा हवं तर. पण डॉक्टरांनी दिलेलं सगळं करून झालं होतं, आणि मला त्यांना बांधून ठेवायला दुसरं काही सापडत नव्हतं.

वैशाखात मी कुरडया घातल्या. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून, सोऱ्यातून गच्चीवरच्या प्लॅस्टिकवर. पॅनेलं आली की ही जागा जाणार, म्हणून हा शेवटचा घाट. ऊन असं होतं की पहिली ओळ घालून शेवटाला पोचेपर्यंत पहिलीच्या कडा पांढऱ्या व्हायच्या. हे खाली जिन्याच्या पायरीवर बसले होते, नळी ताणून, जितकं वर येता येईल तितकं. वरून मला त्यांचं फक्त डोकं आणि खांदे दिसत होते. चिकाचा वास त्यांना आवडायचा. वाटीत थोडा गरम चीक घेऊन मी खाली आले, त्यात तूप-साखर घातली. दोन चमचे खाल्ल्यावर त्यांना दम लागला. वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"तीन घेऊ," ते म्हणाले.

मी वाटीतला उरलेला चीक चमच्यानं गोळा करत राहिले. बोलले असते तर ते फिरले असते.

"मी मशीन धरून काढलं. नीट चाललं तर चार वर्षांत वसूल होतं." थोडं थांबून, श्वास जमवून म्हणाले, "म्हणजे मला चार वर्षं थांबावं लागणार. तू मला महागात पाडलंस."

"थांबा की मग," मी म्हटलं. "कुणी घाई केलीय?"

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी याहून सरळ काही मागितलं नव्हतं. त्यांनी माझ्या पिठाळ हातावर हात ठेवला. वरती कबुतरं कुरडयांवर उतरली होती, आणि मला उठून हाकलायला जावंसं वाटेना.

बुद्धपौर्णिमेला खीर केली, वंदना घेतली. त्यानंतर माणसं येऊन गच्चीवर सांगाडा ठोकून गेली, पॅनेलं चढली. ह्यांना वर जाता येईना, म्हणून मी मोबाइलवर फोटो काढून दाखवले. त्यांनी फोटो बोटांनी मोठे करकरून बघितले आणि एका नटाला वॉशर नाही म्हणून जगतापांना फोन करायला लावला. वॉशर खरंच नव्हता.

पण वीज सुरू झाली नाही. नाव बदलल्याशिवाय नवा मीटर नाही, आणि नाव बदलायला आपट्यांच्या बाजूचा एक कागद हवा होता. वारलेल्या माणसाच्या बाजूचा कागद कोण देणार? त्यांची मुलं शोधण्यात, त्यांनी तो पाठवण्यात, मे महिना निघून गेला. इतक्या वर्षांत 'चाललंय ना' म्हणून जे केलं नव्हतं, ते आता एकदम करायचं होतं. डोक्यावर ऊन आग ओकत होतं, पॅनेलं तयार होती, आणि सगळं तसंच बंद. हे पलंगावरून दिवसातून किती वेळा विचारायचे, "मीटर बसला का?" मी नाही म्हणाले की छताकडे बघायचे. म्हणायचे, "फुकट चाललंय सगळं." त्यांचा आवाज तोवर इतका बारीक झाला होता की मशीनच्या घरघरीत मला तो वेगळा काढावा लागे.

ज्येष्ठात ते गेले. दुपार होती, वार गुरुवार नव्हता, लाईट होती, मशीन चालू होतं, मी शेजारी होते, मंजूही आदल्या दिवशी पोचली होती. म्हणजे ज्या ज्या गोष्टींना मी भीत होते त्यांतली एकही झाली नाही. सगळं नीट चालू असताना ते गेले. मशीन पुढे कितीतरी वेळ तसंच फुस्स करत राहिलं, कारण ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, माणसं आली. अनित्य आहे सगळं, असं भंतेजींनी सांगितलं. मी ते लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते खरं आहे. पण खरी असलेली गोष्ट सोसवतेच असं नाही. भाड्याच्या मशीनवाल्यांची गाडी आली, सही घेऊन मशीन घेऊन गेली. त्या संध्याकाळी घरात इतकी शांतता होती की मला फ्रिजचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

मंजू परत गेल्यावर, पावसाचे ढग अजून नुसतेच हुलकावण्या देत होते तेव्हा, मीटर बसवायला माणसं आली. जगताप होते आणि वीज कंपनीचे एक गृहस्थ. जगतापांनी भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला आणि हातातला मीटरचा खोका हळूच खाली ठेवला. त्या दुसऱ्या गृहस्थांना काही माहीत नव्हतं. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "नाव बरोबर आहे ना, तपासून घ्या." आपट्यांच्या जागी ह्यांचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी बरोबर आहे म्हटलं.

मीटर बसला. बटण दाबलं. ते गृहस्थ म्हणाले, "बाई, घरात जरा लोड लावा. काय असेल ते सगळं चालू करा, बघू कसं चालतंय."

मी घरभर फिरले. सगळे दिवे लावले, भर दुपारी. चारी पंखे लावले. टीव्ही लावला. त्या उकाड्यात गिझर लावला, तो पाणी तापून थोड्या वेळात आपोआप बंद झाला. इस्त्री लावली, मिक्सर रिकामाच फिरवला. अंगावर घाम निथळत होता आणि घर लग्नघरासारखं पेटलं होतं. आणखी काय लावावं ते मला सुचेना. मी खोल्यांमधून बघत होते आणि आमच्या घरात लावण्यासारखं दुसरं काही उरलेलं नव्हतं.

"झालं सगळं?" गृहस्थांनी खालून विचारलं.

"झालं."

ते मीटरवर वाकले आणि खूश झाले. आपलं काम नीट झालं की माणूस होतो तसे. "या, बघा इकडे. एवढं सगळं लावूनसुद्धा उरतंय. उरलेली वीज बाहेर चाललीय. आता तुम्हाला काही कमी पडायचं नाही."

जगताप दुसरीकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं. "उरतंय."

त्यांना सरबत दिलं, ते गेले. मग मी एकेक बंद करत आले. इस्त्री, गिझर, टीव्ही, दिवे. ह्यांच्या खोलीत पंखा फिरत होता, आणि पलंगावरच्या चादरीचा कोपरा वाऱ्यानं हलत होता. खोलीत माणूस नसताना पंखा चालू राहिलेला ह्यांना एक मिनिट खपला नसता. मी बटणाकडे हात नेला आणि परत घेतला. दारातच खाली बसले, आणि ऊन उतरेपर्यंत तो चालू ठेवला.